शालनबाईंचा दादूस

दादूस हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नातीच्या मोबाइलवर. हळदीच्या मांडवात नाचणारा एक जाडजूड माणूस, गळ्यात करंगळीएवढी सोन्याची साखळी, आणि मागून कोणीतरी म्हणतंय, "बाजूला व्हा, दादूस येतोय." सान्वी हसली. मलाही गंमत वाटली. मिरवणारा, दांडगा माणूस म्हणजे दादूस, एवढाच अर्थ मी लावला होता. ठाकुर्लीत इतकी वर्षं राहूनही तो तपासून पाहण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती.

ती वेळ आमच्या तळमजल्यावरच्या शालनबाई मढवींमुळे आली. त्यांच्याबद्दल मी लिहावं असं शीला, म्हणजे माझी पत्नी, गेले कित्येक महिने म्हणते आहे. मी टेलिफोन खात्यात वायर ओढण्यात आयुष्य घालवलं. रजेच्या अर्जापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण त्यांचा सिनेमा लागला त्या दोन्ही वेळा मी शालनबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलो होतो, हे तिचं म्हणणं खरं आहे. म्हणून जमेल तसं लिहितो.

आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ते मढवींचं भाताचं शेत होतं. इमारत झाली तेव्हा त्यांना तळमजल्यावरची जागा मिळाली. शालनबाई ही गोष्ट कोणाला विसरू देत नाहीत, पण कडवटपणाने बोलत नाहीत.

"ओ गोठनकर," त्या मला एकदा जिन्यात म्हणाल्या, "तुमी जिथं पलंग टाकलाव ना, तिथं आमची म्हस बसायची. ती पन अशीच घोरायची."

शीलाने हे नंतर आमच्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

त्या आगरी. सासर इथलं, माहेर खडवलीजवळ, भातसा नदीच्या काठी. नवरा तरुणपणीच गेला. मुलगा नाशिकला नोकरीला. ठाकुर्ली स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोणपाट टाकून त्या भाजी विकायच्या. पावसाळ्यात टाकळा, कंटोळी, शेवळं. एरवी वाल, माठ, शेवग्याच्या शेंगा. जागा मिळाल्यावर बसायची गरज उरली नव्हती, तरी बसायच्या. "घरात बसून कोनाबरोबर भांडू?" असं म्हणायच्या.

ही भाजी खडवलीहून यायची आणि ती घेऊन यायचा त्यांचा थोरला भाऊ महिपत. उंच, वाकलेला, डोक्याला फडकं बांधलेला. टोपली उतरवली की आधी बहिणीकडे नीट पाहायचा. मग विचारायचा, "बरी हायस ना?" ती हो म्हणाली की मगच पाणी प्यायचा. हे मी कितीतरी वेळा पाहिलेलं आहे. वडील लवकर गेल्यामुळे त्यानेच तिला वाढवलं. पावसात नदी भरली की तिला खांद्यावर बसवून पलीकडे मावशीकडे न्यायचा. तिचं लग्नही त्यानेच लावून दिलं. ती त्याला काय हाक मारायची, याकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये, करोनाची दुसरी लाट होती तेव्हा, महिपत आजारी पडला. त्याला ठाण्याला इस्पितळात नेलं आणि मग कोणालाच आत सोडलं नाही. एके दिवशी सकाळी पुतण्याचा फोन आला. शालनबाई दारात उभ्या होत्या, मी जिना उतरत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घरी आनताव ना?" पलीकडून नाही असं उत्तर आलं असावं. तेव्हा कोणालाच घरी आणत नव्हते. गुंडाळून परस्पर नेत होते. त्यांनी फोन खाली ठेवला, आत गेल्या आणि मेथी निवडायला बसल्या. मी दारातच थांबलो. त्या रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

शीला त्यांच्याकडे जाऊन बसायची. तिने मला सांगितलं, यांच्यात बायका मढ्याजवळ बसून नुसत्या रडत नाहीत, सांगून रडतात. तू हे केलंस, तू ते आणलंस, आता माझ्याकडे कोण बघणार, असं त्यालाच सांगायचं असतं. समोर माणूसच नाही तर सांगणार कोणाला?

दोन वर्षांपूर्वी ऋतुराज गायकर आमच्याकडे आला. हा इथल्याच, ठाकुर्ली गावातला, इंजिनियर झालेला, दाढीवाला मुलगा. इंग्रजी शाळेत घातल्यावर त्याच्या आईने घरात आगरी बोलायची बंदी केली होती. त्याला आता आगरीतच सिनेमा काढायचा होता.

"सगळ्या बोलीत पिक्चर निघतायत काका," तो मला म्हणाला. "आदिवासी पाड्यांवरची पोरं स्वतःच्या भाषेत शूट करतायत. कॅमेरा भाड्याने भेटतो, एडिटिंग घरी होतं. आपल्या आगरीत म्हटलं की लोकांना कॉमेडीच पाहिजे. हळदीची गाणी आणि कॉमेडी. मी सिरीयस करतोय. एकदम हटके."

त्याला आमची गच्ची दोन दिवस हवी होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून. आणि त्याला शालनबाई हव्या होत्या. ठाण्याच्या एका नटीने आगरी बोलून दाखवलं होतं, पण ते त्याने घरी टीव्हीवर लावलं तेव्हा त्याच्या आजीने टीव्हीच बंद करायला सांगितलं म्हणे.

शालनबाईंनी आधी साफ नकार दिला. "मी काय नाचनारी हाय? या वयात तोंड रंगवू?"

"रंगवायचं नाय आत्या. आहेस तशीच बसायचं. एक बहीण आहे, तिचा मोठा भाऊ जातो, अशी स्टोरी आहे."

शालनबाई गोणपाट झटकत होत्या. त्या थांबल्या. "मढा दाखवतान?"

"हो."

"घरात आनतान?"

"घरात आणतात. अंगणात ठेवतात. तू त्याच्या बाजूला बसणार."

"मंग येतंय मी," त्या म्हणाल्या.

ऋतुराजला वाटलं आपण पटवलं. मलाही तेव्हा काही कळलं नाही. रात्री जेवताना शीलाला सांगितलं तर तिने भाजी वाढता वाढता हात थांबवला आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नाही?"

शालनबाईंना वाचायला येत नाही. त्यांची वाक्यं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी सावंतवाडीकडचा. मालवणी बोलायचो, ती नोकरीत बोलायची सोडून दिली, कारण लोक ऐकून हसायचे. त्यामुळे माझं बोलणं पुस्तकी झालेलं. मी ऋतुराजचा कागद हातात धरून वाचायचो, "'तू कवा आयलास? जेवलास का?'" आणि शालनबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

"पोष्टमन तार वाचतंय जसा काय," त्या म्हणायच्या.

एका पानावर नुसतं एक वाक्य होतं: 'दादूस, उठ ना रं.' ते वाचताना मला सान्वीच्या मोबाइलवरचा तो साखळीवाला आठवला आणि मी अडखळलो. भावाच्या प्रेताजवळ हे काय, असं मी विचारलं.

"काय म्हंजे?" शालनबाई म्हणाल्या. "दादूस म्हंजे मोठा भाऊस. बापाच्या मांगं ज्याला हाक मारतान तो. मी माज्या दादूसला कदी नाव घेऊन बोलावला नाय. बोला बगू तुमी."

मी बोललो.

"नाय. तुमी नाव वाचलाव. हाक मारा."

मला जमलं नाही. शीला स्वयंपाकघरातून ऐकत होती, ती म्हणाली, "राहू द्या हो, त्यांना मलाही हाक मारता येत नाही." यावर दोघी बराच वेळ हसत होत्या.

गावात अजून एक जुनं कौलारू घर उरलंय, त्याच्या अंगणात तो प्रसंग चित्रित झाला. मी खुर्ची घेऊन एका कडेला बसलो होतो. मढं म्हणून ठाण्याचा एक नाटकवाला पांढऱ्या कापडाखाली झोपला होता, चेहरा उघडा. ऋतुराजने खूण केली. शालनबाई येऊन बसल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दादूस, उठ ना रं."

वाक्य तिथे संपलं होतं. त्यांनी हात काढला नाही.

"दादूस रं, माज्या दादूसा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा काही चढला की अंगणातली माणसं मागे सरकली. "मना खांद्याव बसवून नदीपार केलास, न तुना चौघांचा खांदा नाय मिलला रं. तुज्या तोंडात पानी कोनी घातला? कोनी घातला रं दादूस? प्लाश्टिकमदी बांदला तुना, माजा दादूस काय भाजी हाय? मी दारात उबी होती रं. तू येशील, न मना इचारशील, बरी हायस ना. आता मना कोन इचारंल?"

हे असं बराच वेळ चाललं. टाकळ्याच्या जुड्या आल्या, लग्नातली हिरवी साडी आली, त्याला पोरगी झाली तेव्हाचे पेढे आले. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती हाक. ऋतुराजने कॅमेरा थांबवला नाही. तो तोंडावर हात दाबून उभा होता. मीही हललो नाही. मढं झालेल्या त्या नटाच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं, ते पुढे संकलन करणाऱ्या प्रीतीला मोठ्या खटपटीने लपवावं लागलं.

संपल्यावर शालनबाईंनी नाक पुसलं, त्या नटाला म्हणाल्या, "उठ बाबा, च्या पी," आणि घरी आल्या. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या असं शीला म्हणाली. सगळ्या दुःखाचं ओझं उतरल्यासारखं त्यांचं तोंड दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात विचारलं, "ओ गोठनकर, ता सगला मशीनमदी ऱ्हानार ना? पुसनार नाय ना?"

मी म्हटलं, राहणार. सगळ्यांना दिसणार.

"मंग बरा. कोनाला म्हाईत तरी होल, महिपत केणेला रडनारी मानसा होती."

पहिला खेळ ठाण्याला झाला, खोपटच्या एसटी डेपोच्या मागे एका लहान सभागृहात. अजून प्रदर्शित करायचा नव्हता, ओळखीच्यांना दाखवून पाहायचा होता. ठाण्याचे नाटकवाले, कॉलेजची मुलं, आणि पुढच्या दोन रांगा भरून गावची आगरी मंडळी. शालनबाई माझ्या आणि शीलाच्या मध्ये बसल्या. सिनेमा सुरू झाला. सुरुवातीलाच रिक्षास्टँडचा प्रसंग होता. जमीन विकून गब्बर झालेला एक माणूस गाडीतून उतरतो, गळ्यात साखळ्या, आणि रिक्षावाला म्हणतो, "दादूस, साखली संबालून, नायतं मान मोडंल." सभागृह उसळलं. माझ्या पुढचा माणूस मांडीवर थापा मारत होता. शालनबाईही हसल्या. तो माणूस त्या प्रसंगानंतर सिनेमात परत येतच नाही. ऋतुराजने सुरुवात हलकी व्हावी म्हणून त्याला घेतला होता.

मग तासाभराने अंगण आलं. पांढरं कापड आलं. पडद्यावर शालनबाई येऊन बसल्या. माझ्या शेजारच्या शालनबाईंनी पदर सावरला.

"दादूस, उठ ना रं."

मागून कोणीतरी फसकन हसलं.

एकच हसू होतं. मला वाटलं दुसरंच काही झालं असेल. मग "दादूस रं, माज्या दादूसा" आलं आणि हसू दोन-तीन ठिकाणी फुटलं. ते दाबायचा प्रयत्न झाला आणि दाबल्यामुळेच ते वाढलं, वर्गात वाढतं तसं. त्यानंतर ती हाक आली की हसू यायचं. आणि हाक पुन्हा पुन्हा येत होती. खांदा नाही मिळाला, त्यावर हसू. पाणी कोणी घातलं, त्यावर हसू. मी वाईट माणसांबद्दल लिहीत नाही. त्यांना कोणाची टिंगल करायची नव्हती. त्यांना तो शब्द विनोदाचा म्हणूनच ठाऊक होता, आणि तासाभरापूर्वी त्याची आठवणही करून दिलेली होती. पण पुढच्या दोन रांगांमध्येही खांदे हलत होते. ती माणसं तर घरी हीच हाक मारत असतील.

शालनबाई मागे वळून पाहत होत्या. त्यांना वाटलं असावं की मागे कोणी पडलं किंवा काही सांडलं. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि हळूच विचारलं, "काय झाला? कशाला हसतान?"

शीलाने त्यांचा हात धरला. तेवढ्यात पुन्हा ती हाक आली, पुन्हा हसू आलं, आणि या वेळी त्यांना कळलं. त्यांनी शीलाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, मांडीवर ठेवला आणि उरलेला वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर एक कॉलेजचा मुलगा त्यांच्या पाया पडला. चांगला मुलगा होता. "आजी, मस्त केलंत एकदम," तो म्हणाला. "काय टायमिंग आहे तुमचं. फुल कॉमेडी."

शालनबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.  

त्यानंतर गोणपाट पसरलं गेलं नाही. शीला डबा घेऊन जायची तो तसाच परत यायचा. भाऊ गेला तेव्हा त्या जेवत होत्या, आता जेवत नव्हत्या. शीला म्हणाली, "तो पहिल्यांदा गेला तेव्हा निदान कोणी हसलं तरी नव्हतं."

ऋतुराज आला तेव्हा मीही तिथे होतो. तो दारातच खाली बसला. त्याची दाढी वाढली होती.

"आत्या, मी चुकलो नाय असं बोलत नाय," तो म्हणाला. "पण सीन भारी आहे. फक्त तो एक वर्ड. आपण त्या जागी 'भाऊ' टाकू. तू एकदा स्टुडिओत येऊन बोल, मी तोंडाबरोबर बसवतो. मग बघ कोण हसतंय."

शालनबाईंनी थोडा वेळ विचार केला. मग भिंतीकडे बघून खरंच म्हणून पाहिलं. "भाऊ रं, माज्या भाऊ." आणि त्याच्याकडे वळल्या. "आला तुना रडू?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"भाऊ म्हंजे ज्याच्याबरोबर कोर्टात जातान तो. मना तसा भाऊ नवता. मना दादूस होता."

"मग काय करू सांग ना."

"त्यो साखलीवाला काढ."

ऋतुराजने माझ्याकडे पाहिलं. "तो ट्रेलरमध्ये आहे आत्या," तो म्हणाला. "थेटरवाल्यांनी तो बघूनच शो दिलेत. तो काढला तर बोलतात, मग हा रडका पिक्चर बघायला येणार कोण. लागणारच नाय पिक्चर. सगळ्या पोरांची मेहनत आहे."

"तूच त्यांना हसाला शिकवलास," शालनबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "न मंग माजा दादूस त्यांच्यापुडं ठेवलास."

ऋतुराजने मान खाली घातली.

"मंग माजा आवाज काढ. बाई ऱ्हाऊ दे बसलेली. आवाज नको. माजा दादूस मना परत दे."

मला वाटलं तो हे ऐकणार नाही. पण त्याने ऐकलं. प्रीतीने तो प्रसंग पाठीमागून आणि लांबून घेतलेल्या तुकड्यांवर पुन्हा जुळवला. चेहरा एकदाच, ओठ मिटलेले. आवाज कसलाच नाही, अंगणातल्या वाऱ्याचाही नाही. ठाण्यातल्या जाणकार लोकांनी तो पाहिला आणि त्यांना तो फार आवडला. ही शांतता किती बोलते, असं कोणी तरी ऋतुराजला सांगितलं आणि ते त्याने मोठ्या आनंदाने मला सांगितलं. आगरी भाषेसाठी या मुलाने सिनेमा काढला, आणि त्यातली सगळ्यात नावाजलेली जागा ती, जिथे आगरीचा एक शब्द उरलेला नाही. हे त्याला म्हणावं असं फार वाटलं. पण सिनेमातलं मला काय कळतं, असा विचार करून मी गप्प राहिलो.

कल्याणला सिनेमा लागला त्या पहिल्या दुपारच्या खेळाला शालनबाई येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. पण निघायच्या वेळेला त्या चापूनचोपून नऊवारी नेसून जिन्याशी उभ्या होत्या. "चला," म्हणाल्या. "तिकिट काडलाव ना?"

थिएटर बऱ्यापैकी भरलेलं होतं. खाडीकडच्या गावांतून बायका आल्या होत्या, पोराबाळांसकट. रिक्षास्टँडचा प्रसंग आला आणि थिएटर हसून हसून दणाणलं. काही पोरांना ते वाक्य आधीच पाठ होतं, ती पडद्याबरोबर म्हणत होती. शालनबाई या वेळी हसल्या नाहीत, पण त्यांनी मानही खाली घातली नाही. समोर बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. सिनेमा मला फारसा दिसलाच नाही.

अंगण आलं. पांढरं कापड आलं. पडद्यावरच्या शालनबाई पाठमोऱ्या बसल्या आणि सगळा आवाज बंद झाला. थिएटरमधला पंखा ऐकू यायला लागला.

"दादूस, उठ ना रं."

मी दचकून पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं आवाज काढायचा राहून गेला. इतरांनाही तसंच वाटलं असणार. मागच्या बाजूला दोघं-तिघं हसली.

"दादूस रं, माज्या दादूसा. हसतान तुना. हसू दे. मी सांगतंय तुना, तू आयक."

आवाज माझ्या कानाशी होता. शालनबाई सरळ बसलेल्या होत्या, हात मांडीवर, डोळे पडद्यावर, आणि सांगत होत्या. खांदा सांगितला. पाणी सांगितलं. प्लास्टिक सांगितलं. मागचं हसू अर्ध्यात तुटलं. डोकी वळायला लागली. आवाज पडद्यातून येत नाही, खुर्चीतून येतोय, हे एकेका रांगेला कळत गेलं. कळलं की ती रांग गप्प व्हायची. मी त्यांना थांबवायला हवं होतं का, मला माहीत नाही. शीलाने माझी बाही धरली, त्याचा अर्थ थांबवा असा होता की थांबवू नका असा, हेही मला कळलं नाही.

पडद्यावरचा प्रसंग संपला. पुढचा आला, त्यात शाळेतली मुलं मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. शालनबाईंचं संपलं नव्हतं. पाढे चालू राहिले आणि त्याही सांगत राहिल्या, टाकळ्याच्या जुड्या, हिरवी साडी. कोणी शुक् म्हटलं नाही.

मग मागून, अगदी शेवटच्या रांगांमधून कुठून तरी, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. लांब काढलेला, थरथरता. "गेला गं बाय, दादूस गेला गं." तिला आम्ही ओळखत नव्हतो. तिने महिपतला कधी पाहिलेलं नसणार. शीलाने पुढे मला सांगितलं की एकटीला रडू द्यायचं नसतं, ऐकणारीने हाकेला हाक द्यायची असते. त्या हाकेला डावीकडून आणखी एका बाईने हाक दिली. मग आणखी एकीने. अंधारात कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं. पुढे पडद्यावर मुलं पाढे म्हणत होती आणि कल्याणच्या त्या थिएटरात, भर दुपारी, खडवलीच्या महिपत केणेचं मढं मध्ये ठेवल्यासारख्या बायका रडत होत्या. मी आयुष्यात असं काही पाहिलेलं नाही.  

हळूहळू ते आपसूक शमलं. शालनबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि शीलाकडे पाणी मागितलं.

ऋतुराज दाराशी उभा होता. तो वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, आमच्या रांगेत शिरला आणि शालनबाईंच्या पायाशी बसला. रडत होता.

"आत्या, मी आवाज परत टाकतो," तो म्हणाला. "आजच टाकतो. ट्रेलरचं बघू नंतर. तो साखळीवाला काढतो, थेटरवाला काय बोलायचं ते बोलू दे."

शालनबाईंनी पाणी पिऊन होईपर्यंत त्याला थांबवलं.

"ठेव नायतं काढ," त्या म्हणाल्या. "माजा झाला." आणि त्याचं डोकं हाताने बाजूला सारलं. "आता सरक जरा, पिच्चर बगू दे."